कातलेल्या लाकडाला आरसपानी चकाकी येते कशी

इंग्लंडमध्ये लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणं हा आवडीचा छंद आहे. गॅरेजमध्ये छोटं लेथ, भिंतीवर पटाश्यांची रांग आणि गावातल्या क्लबात महिन्याला एक प्रात्यक्षिक. लंडनच्या कातारी संघाला तर १६०४ साली राजाची सनद मिळाली होती. इथल्या दुकानात पॉलिशच्या मांडणीपुढे उभं राहिलं, की फ्रिक्शन पॉलिश (फिरत्या लाकडावर घासून चढवायचं), सीलर (लाकूड बंद करणारा पहिला हात), शेलॅक अशा बाटल्यांची रांगच लागते. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांचा पाया आपली लाख आहे. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किडा ती तयार करतो. भारत तिचा मोठा उत्पादक आहे, आणि त्यातली बरीचशी झारखंड-छत्तीसगडातून येते. बोरी तर सोलापूरच्या माळावर जागोजाग उभ्या आहेत.

म्हणजे बाटलीतला माल आपलाच. इथून शिकण्यासारखी गोष्ट आहे बाटली उघडण्याआधीच्या कामाची. देवघराचे खांब, पाळण्याचे दांडे, लाटणी, चौरंगाचे पाय कातणाऱ्या सोलापूरकरांसाठी ते नीट सांगायचं आहे, कारण आपल्याकडे पॉलिशवर जेवढा पैसा जातो त्याच्या निम्मासुद्धा वेळ पृष्ठभागावर जात नाही.

चकाकी म्हणजे सपाट पृष्ठभागावरून सरळ परतणारा उजेड. ओरखडा असला की तिथला उजेड विखुरतो. वरून कितीही पातळ थर चढवा, थर ओरखड्याच्या आकारानेच बसतो आणि वर चमक असल्यामुळे तो ओरखडा आणखी उठून दिसतो. म्हणून पहिलं काम पटाशीचं. धार गेलेली पटाशी रेषे कापत नाही, उपटते. वाटी किंवा बाऊल कातताना एका फेऱ्यात दोन जागा अशा येतात, जिथे पटाशी रेष्यांच्या विरुद्ध जाते. समोरासमोरच्या त्या दोन जागी खरखरीत, पांढुरके डाग दिसतात. ते सँडपेपरने काढायला गेलात तर आजूबाजूचं मऊ लाकूड आधी झिजतं, वाटी लंबगोल होते आणि डाग राहतातच. उपाय एकच: शेवटचा हात फिरवण्याआधी पटाशीला पुन्हा धार लावायची, तिचा ढाळ, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडाला टेकवून ठेवायचा आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा, सावकाश काप घ्यायचा. त्याच जागी थेंबभर पाणी किंवा पातळ सीलर लावून रेषे ताठ केले, तर काप आणखी स्वच्छ येतो.

वेगाचा एक जुना हिशेब इथे सगळे पाळतात: इंचातला व्यास गुणिले मिनिटातले फेरे हा आकडा ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. २ इंची दांड्याला ३,००० ते ४,५०० फेरे, १० इंची वाटीला ६०० ते ९००. ही कमाल मर्यादा समजा. लाकूड वेडंवाकडं, भेगाळ किंवा नीट तोललेलं नसेल तर सुरुवात याच्या खूप खालून करा. पेपर मारताना वेग निम्म्यावर आणायचा. वेग जास्त ठेवला की पेपर तापतो, भुशाने भरतो, कापायचं सोडून घासत बसतो, आणि शिसमसारख्या कडक लाकडाच्या आडकापावर (जिथे रेषे आडवे कापले जातात तिथे) बारीक भेगा पडतात. त्या भेगा पॉलिशनंतर केसासारख्या दिसतात आणि कशानेही जात नाहीत. पेपरमागचं बोट पोळायला लागलं, की लाकूडही तेवढंच तापलंय असं समजा.

पेपरचा क्रम १२०, १८०, २४०, ३२०, ४००. काप चांगला आला असेल तर १५० किंवा १८० पासून सुरुवात केली तरी चालते. मधला नंबर गाळू नका. १२० चा ओरखडा ३२० ने काढायचा म्हटलं तर तिप्पट वेळ लागतो, आणि अर्ध्यावर कंटाळा आला की तो तसाच पॉलिशखाली जातो. प्रत्येक नंबर झाल्यावर लेथ बंद करायचं, त्याच पेपरने हाताने रेष्यांच्या दिशेने चार-पाच वेळा घासायचं, भुसा कापडाने पुसायचा आणि तिरक्या उजेडात बघायचं. लेथ फिरत असताना पडणारे ओरखडे गोल असतात, हाताने घासलेले उभे. त्यामुळे गोल ओरखडा उरला असेल तर लगेच वेगळा दिसतो. भुसा न पुसता पुढचा नंबर लावला तर आधीच्या पेपरचे सुटलेले दाणे नव्या पेपरखाली फिरतात आणि पुन्हा जुनेच ओरखडे पाडतात.

एक बारकावा पेपर विकत घेतानाचा. ज्याच्या पाठीवर नंबराआधी पी छापलेला असतो तो युरोपी मोजमापाचा. पी ३२० चा दाणा सरासरी ४६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी ४०० चा ३५. अमेरिकी मोजमापाचा ३२० मात्र ३६ मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ पी ४०० इतका बारीक. २२० च्या खाली दोन्ही मापं साधारण जुळतात, वर ती फाकतात. दोन्ही मिसळून वापरले तर क्रम बिघडतो, आणि चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही.

२४० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा, अर्धा तास वाळू द्या. रेषे उभे राहतील. ते ३२० ने हलक्या हाताने काढले की पॉलिशचा पहिला हात खरखरीत होत नाही.

आता लाख. चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) आणि स्पिरिट यांचं सोपं प्रमाण: २०० मिली स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, मलमलच्या कापडातून गाळा. एक-दोन दिवस न हलवता ठेवलं तर लाखेतलं मेण खाली बसतं. वरचं नितळ द्रावण सीलरसाठी घ्या. वर पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर देणारं व्हार्निश) मारायचं असेल तर मेणविरहितच हवं, नाहीतर थर सुटतो. विरघळवलेली लाख साधारण सहा महिन्यांत जुनी होते. शंका आली तर काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर बरणी फेकून द्या. जुनी लाख कधीच नीट कडक होत नाही.

सागवान, बाभूळ यांची भोकं उघडी असतात. त्यावर थेट पॉलिश केलं तर दुसऱ्या दिवशी टिकल्या टिकल्यांनी मंद दिसतं. आपल्याकडे चॉकची लांबी (पुटी) भरतात, पण गडद लाकडात ती पांढरी उठते. त्यापेक्षा लाखेचा पातळ हात देऊन ओला असतानाच ३२० ने घासा. त्या लाकडाचाच भुसा लाखेत मिसळून भोकात बसतो आणि रंगही जुळतो. सागवान आणि शिसम तेलकट, म्हणून आधी थिनरने पुसून लगेच लाखेचा हात द्या. स्टील वूल मात्र बाभळीवर नको: लोखंडाचे कण राहतात आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ओलीत काळे डाग पडतात.

छोट्या कामाला, म्हणजे भोवरा, पेन, खुंटी यांना, फ्रिक्शन पॉलिश सर्वात छान. लाखेचं द्रावण, स्पिरिट आणि डबल बॉइल्ड जवसाचं तेल समभाग, वापरण्याआधी बाटली हलवायची. टिश्यूची घडी घ्या. कापड बोटाला गुंडाळू नका, ते फिरत्या लाकडात अडकलं तर बोट ओढून नेतं, टिश्यू फाटतो. लेथ बंद ठेवून सगळीकडे ओलं करा, मग १,००० च्या आसपास वेग ठेवून हळूहळू सरकत दाब वाढवा. लाकूड कोमट लागेपर्यंत दाबलं की स्पिरिट उडतं आणि लाख पसरून सपाट होते. असे तीन-चार पातळ हात. कडे-कडे दिसले तर द्रावण जास्त झालंय. टिश्यूला दोन थेंब स्पिरिट लावून एकदा फिरवा. मोठ्या वाटीवर हे जमत नाही, कारण कडेचा भाग वेगाने फिरतो, मध्यभाग जेमतेम, आणि उष्णता सारखी मिळत नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर तर बाटलीच्या भानगडीतच पडत नाहीत. ते काळ्या कुड्याच्या फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने ती वितळते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. या छंदातल्या प्रत्येकाने ते एकदा बघावं.

सोलापूरच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की दुपारी स्पिरिट टिश्यूवरच उडून जातं आणि लाख ओढल्यासारखी बसते. पहाटे काम करा, किंवा स्पिरिट थोडं वाढवा. पावसाळ्यात उलट: हवेतली ओल थरात अडकते आणि दुधी साय दिसते. स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला तर ती बहुधा जाते, आणि तेही कोरड्या दुपारी. पॉलिशवर शेवटी मेणाचा हात देतात, त्यातही हवा बघावी लागते. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) ८२ ते ८६ ला. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत मधमाशीचं मेण मऊ पडून बोटांचे ठसे घेतं, म्हणून आपल्याकडे वरचा हात कार्नोबाचाच हवा.

लाटणं, पोळपाट, काठवट यांना चकाकीच्या नादी लावू नका. लाख गरम भांड्याने आणि पाण्याने पांढरी पडते आणि भाकरीच्या पिठाबरोबर सुटते. ३२० पर्यंत पेपर मारून औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चोळा, तासाभराने पुसा, पहिल्या आठवड्यात रोज एकदा. घरात शेंगदाण्याचं तेल हाताशी असतंच, पण ते वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास धरतं.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटतात, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच लवकर. तारेवर मोकळी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.