जुन्या बुलेटचं हँडल टाकीला घासायचं, ते कसं थांबवलं - माझा अनुभव

माझी साडेतीनशे बुलेट जुन्या मद्रासच्या जमान्यातली, कॅस्केटवाली (हेडलाइट आणि मीटर ज्यात बसतात तो पुढचा मोठा खोका). आधीच्या मालकाकडं कधीतरी पुढून आपटलेली, त्यामुळं बॉटम टीचा (पुढच्या फोर्कचे दोन्ही पाइप खालून धरणारा आडवा तुकडा) जो कान फ्रेमला अडून हँडल थांबवतो, म्हणजे स्टॉप, तो झिजून चपटा झालेला, आणि पूर्ण वळवलं की कॅस्केटचा कोपरा थेट टाकीवर. टाकीला दोन्ही बाजूनी पोचे. मेकॅनिक म्हणाला टाकीला रबर चिकटवा, विषय संपला. पण रबर म्हणजे स्टॉप नव्हे ओ, गाडी स्टँडवरून पडली की सगळा दणका टाकीच खाणार.

फोर्क तसाही उघडायचाच होता, ऑइल सील गळत होते आणि हँडल सरळ रेषेत आलं की खट्टकन अडायचं, म्हणजे कोन सेटला, हँडल ज्यावर फिरतं त्या छर्ऱ्यांच्या वाट्यांना, खड्डे. पुढचं चाक काढलं, टीचे पिंच बोल्ट (पाइप आवळून धरणारे) सैल केले आणि फोर्कचे पाइप फिरवून खाली घेतले. बुलेटचा पाइप वर कॅस्केटमध्ये आट्यांनी बसतो हे नवीन माणसाला माहीत नसतं, तो हातोडी मारत बसतो आणि आटे खराब करतो. पाइप उद्यमनगरात लेथवर फिरवून, वाक मोजायचं डायल गेज लावून बघितले, सरळ निघाले, नशीब.

आता खरी गोची इथं आहे. स्टॉपला किती भर घालायची ते सगळे पार्ट गाडीवर असल्याशिवाय कळत नाही, आणि वेल्डिंग मात्र टी बाहेर काढल्याशिवाय करायचं नाही. म्हणून फोर्क दोनदा बसवावा लागतो, एकदा मापापुरता सुका आणि मग खरा. लोक हाच कंटाळा करतात आणि गाडीवरच, टाकीच्या खाली ठिणग्या उडवत वेल्डिंग मारतात. एकतर पेट्रोल, दुसरं हेडजवळ, म्हणजे हँडल फिरतं त्या नळीजवळ, फ्रेमच्या पाइपचे जोड, तिथं उष्णता कशाला द्यायची? टी खराब झाली तर दुसरी मिळते, फ्रेमचं काय करणार.

मापासाठी टाकीवर आधी प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर कणकेचा गोळा लावला (घरच्यांची बोलणी वेगळी), हँडल हळूच पूर्ण वळवून परत आणलं आणि दबलेली कणीक मोजली. डावीकडं जेमतेम 2 मिमी, उजवीकडं चक्क टेकत होतं. मला दोन्हीकडं 10-12 मिमी हवं होतं. पण म्हणून स्टॉपला 10 मिमी भर घालायची नाही हं! स्टॉप स्टेमच्या (टी ज्यावर फिरते तो मधला दांडा) मधोमधपासून साधारण 40 मिमीवर आहे आणि टाकीला लागणारा कोपरा 200 मिमीवर, म्हणजे इथला 1 मिमी तिथं 5 मिमी होतो. त्यामुळं 2 मिमीच्या आसपास काम भागतं. वेल्डरकडून थोडी जास्तच भर घेतली आणि घरी कानस मारत मारत बसवत गेलो, कारण घासून कमी करता येतं, वाढवायला परत वेल्डरच्या दारात.

आणखी एक, जास्त भर घातली तर हँडल लॉकचा खिळा भोकासमोर येतच नाही. हे प्रत्येक वेळी चावी फिरवून बघायचं. शिवाय बोळातून गाडी वळवताना पण जीव जातो.

खरी जोडणी करताना नवीन कोन सेट, पाव इंची छर्रे, वर 19 आणि खाली 19, ग्रीसमध्ये चिकटवून. पाइप आधी वर आट्यांत पूर्ण घट्ट, पिंच बोल्ट हातानं टेकवलेले. मग दोन्ही पाइपवर काचेचा तुकडा आडवा ठेवला, काच डगडगली तर टी पिळलेली समजायची, माझी टेकून बसली. एक्सल घातला, फोर्क चारपाच वेळा दाबला आणि मगच पिंच बोल्ट आवळले. स्टेमचा वरचा नट इतकाच आवळायचा की चाक हवेत असताना हँडल सोडलं की आपोआप दोन्हीकडं पडलं पाहिजे, आणि फोर्क खालून पुढंमागं ओढला तर टकटक यायला नको.

शेवटी क्लच केबल, ब्रेक केबल, वायरिंग लावून परत कणीक. डावीकडं 11, उजवीकडं 10. केबल ताणत नाहीत, हॉर्न दोन्ही टोकांना वाजतोय. थोडी चालवल्यावर कोन सेट बसतो, तेव्हा नट परत एकदा तपासून घेतला. रुंद हँडलवाल्यांनी माझे आकडे वापरू नका, तुमचा लिव्हर कॅस्केटच्या आधी टाकीला लागू शकतो.