तुम्ही विचारलंत म्हणून: ही सेवा नेमकी कोणासाठी?

मी पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत विद्यार्थ्यांच्या सेवा-उपक्रमांची समन्वयक आहे, असे कळले की समोरची व्यक्ती हमखास विचारते, ‘सुखवस्तू घरांतली ही मुले खेड्यात जाऊन कसली सेवा करणार? परदेशी विद्यापीठाच्या अर्जात चार ओळी लिहिता याव्यात, एवढ्यासाठीच हे सगळे ना?’ पालक विचारतात, नातेवाईक विचारतात आणि गावातली माणसे तर अधिकच स्पष्टपणे विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देते.

आधी नियम सांगते. आमच्याकडे अकरावी-बारावीला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा हा अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम आहे. त्यात सहा विषयांच्या जोडीला सृजन, शारीरिक कृती आणि सेवा या तीन अंगांचा मिळून एक अनिवार्य भाग असतो आणि तो किमान अठरा महिने चालवावा लागतो. त्याला गुण नाहीत, परंतु तो पूर्ण झाल्याखेरीज पदविकाही नाही. म्हणजे मुले सुरुवातीला आपखुशीने येतात असा दावा मी करणार नाही. बरीचशी मुले सक्ती आहे म्हणूनच येतात आणि काहींच्या डोक्यात विद्यापीठाचा अर्जही असतो. सक्तीने आलेले मूल पुढे कशामुळे गुंतते आणि कशामुळे नुसत्या सह्या गोळा करत राहते, हा माझ्या कामातला खरा प्रश्न आहे.

या परंपरेचा उगम पाहिला की काही गोष्टी उलगडतात. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून १९६२ साली वेल्समध्ये, समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात, अटलांटिक कॉलेज सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांची मुले तेथे एकत्र राहून शिकावीत, असा हेतू होता. लगतचा समुद्र धोक्याचा असल्यामुळे १९६३ पासून तेथे जीवरक्षक बोटीचे केंद्र चालले आणि पुढची पन्नास वर्षे त्या बोटीवर विद्यार्थी खलाशी म्हणून जात राहिले. हवा भरलेल्या काठांची आणि टणक तळाची जी बचावनौका आज जगभर वापरली जाते, तिची जडणघडण प्रामुख्याने याच कॉलेजात, विद्यार्थ्यांच्या हातून झाली. समुद्रात अडकलेल्या माणसाला वाचवणारा कोणत्या देशाचा आहे हे विचारायला सवड नसते आणि बोलावणे आले की निघावेच लागते. सेवा कधी आणि कशी करायची हे तेथे गरज ठरवत होती, शाळेचे वेळापत्रक नव्हे. आमच्याच तालुक्यात, पौडजवळ, १९९७ साली याच परंपरेतले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज उभे राहिले.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला १९६७ पासूनच तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवल्या. त्यामुळे आंतरराष्ट्रीय शाळेने हे सारे पहिल्यांदा आणले असे कोणी म्हणू लागले, तर मी आवर्जून हरकत घेते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगते. आमच्या एका गटाने जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंती रंगवायचे ठरवले होते. रंगांची यादी तयार होती, चित्रे कागदावर काढून झाली होती. आमचा नियम असा, की ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि विचारायला विद्यार्थ्यांनीच जायचे. शाळा दोनशिक्षकी, त्या दिवशी एक शिक्षक तालुक्याला बैठकीसाठी गेलेले आणि चारही वर्ग एकट्या मुख्याध्यापिकांकडे. त्यांनी चित्रे शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, ‘भिंती गेल्याच वर्षी एका कंपनीच्या लोकांनी रंगवून दिल्यात. मला रंग नको, माणसं हवीत. तिसरी-चौथीतल्या काही मुलांचं वाचन जोडाक्षरांशी अडतं. दर गुरुवारी येऊन त्यांच्याशेजारी बसाल का? पण यायचं म्हणजे यायचंच. पोरं वाट बघत बसतात.’

मुलांचा विरस झाला, हे उघड दिसत होते. रंगवलेल्या भिंतीचे छायाचित्र निघते, शेजारी बसण्याचे काय निघणार? परत येताना गाडीत दोघांनी गट सोडायची भाषा केली. त्यावर मी काही बोलले नाही, कारण तो निर्णय त्यांचा होता. पुढच्या गुरुवारी सगळे आले.

त्यांच्यात केनियाहून आलेली एक मुलगी होती. तिला मराठीतले जेमतेम ‘कशी आहेस’ येत होते. तिचा उपयोग काय, अशी शंका गटातच निघाली. बाईंनी तिला चौथीतल्या एका अबोल मुलीजवळ बसवले. ही लहान मुलगी बाईंसमोर वाचताना दोन शब्दांत थांबत असे. मात्र समोरच्या ताईला आपल्यापेक्षाही कमी येते, हे ध्यानात आल्यावर तिने बालभारतीचे पुस्तक स्वतःकडे ओढले, ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागली आणि न कळलेल्या जागी चित्रावर बोट ठेवून, हातवारे करून समजावू लागली. चूक पकडणारे कोणी समोर नव्हते, उलट शिकवण्याची जबाबदारी तिच्यावर आली होती. वाचनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात मला हे असे कोणी सांगितले नव्हते. सेवा देणारा कोण आणि घेणारा कोण, ही वाटणी त्या ओसरीवर टिकली नाही. गट का टिकला, याचे माझ्यापुरते उत्तर त्यातच आहे.

जागतिक नागरिकत्वाविषयीही मला असाच अनुभव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांचे रंगीत फलक आमच्याही भिंतींवर आहेत, पण फलक पाहून कोणी जगाचा नागरिक होत नाही. गावात येणे-जाणे वाढल्यावर एका आजोबांनी मुलांना धरणाची गोष्ट सांगितली. मुळशीच्या धरणासाठी टाटांच्या वीज कंपनीने जमिनी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकऱ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. धरण तरीही झाले. ते पाणी सह्याद्री उतरून रायगडातल्या भिरा येथे वीज निर्माण करते आणि ती वीज मुंबईकडे जाते. गटात मुंबईची मुले होती. आपल्या घरातला दिवा आणि या आजोबांच्या आजोबांची बुडालेली जमीन यांचा संबंध आहे, हे कळल्यावर त्यांचे प्रश्न बदलले. ‘आपण यांना काय देऊ शकतो’ हे विचारणारी मुले ‘आपण यांचे काय घेतले आहे’ असे विचारू लागली. मग इतर देशांतल्या मुलांनी आपापल्या गावांतली धरणे, खाणी आणि मळे यांचा शोध घेतला. मला अभिप्रेत असलेले जागतिक नागरिकत्व हेच.

विद्यार्थ्यांनी नेतृत्व करायचे म्हणजे मोठ्यांनी अंग काढून घ्यायचे, असा अर्थ मात्र नाही. वाहन, पालकांची संमती, लहान मुलांची सुरक्षितता आणि केंद्रप्रमुखांची परवानगी ही कामे माझी. अर्ज लिहिणे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे उभे राहणे आणि भातलावणीच्या दिवसांत पटावरची निम्मी मुले शेतावर असताना काय करायचे ते ठरवणे, ही कामे त्यांची. काही पालकांना ही विभागणी पटत नाही. उपक्रम शाळेने आखून द्यावा, म्हणजे तो वेळेत संपेल, असे त्यांचे मत असते. ते मी मानत नाही. आखून दिलेला उपक्रम खरोखरच वेळेत संपतो, परंतु त्यात मुलाला एकदाही गावाकडून ‘नको’ हे ऐकावे लागत नाही आणि ते ऐकण्यावाचून हे शिक्षण अपुरे राहते.

त्या शाळेत पुढे नवीन शिक्षक रुजू झाले आणि बाईंनी सांगितले की आता गुरुवारची गरज उरली नाही. गटातल्या काहींचे अठरा महिने भरायचे होते, म्हणून काही तरी कारण काढून जात राहावे, अशी सूचना आली. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. अखेरीस मुलांनी थांबायचे ठरवले, प्रत्येक मुलाचे वाचन कोठवर आले आहे याच्या नोंदी नीट लिहून नव्या शिक्षकांच्या हाती दिल्या आणि स्वतःच्या फाइलसाठी त्यांची प्रत काढली नाही. त्यात मुलांची नावे आहेत, तेव्हा त्या नोंदी त्या शाळेच्याच, असे त्यांचे म्हणणे होते. उरलेल्या महिन्यांसाठी त्यांनी दुसरे काम शोधायला घेतले आणि या वेळी सुरुवात यादीपासून न करता ग्रामपंचायतीत जाऊन विचारण्यापासून केली.