चिखल काढायचा की दाखवायचा?

२३ सप्टेंबर २०२३ च्या सकाळी, पूर ओसरल्यावर, नागपुरातल्या अंबाझरी लेआउटमधल्या आमच्या गल्लीत सरळ दोन पक्ष पडले. एक म्हणे, चिखल आत्ताच्या आत्ता काढा, वाळला की फरशीला धरतो. दुसरा म्हणे, काडीलाही हात लावू नका, पंचनामा व्हायचाय. घर लख्ख दिसलं तर नुकसान काय कपाळ दाखवणार? दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

रात्री काय झालं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी आम्ही जिला नालाच म्हणतो ती नाग नदी घराघरांत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सगळीकडे तीच गत. मोरभवन बसस्थानकात तर बसगाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचं सरकारनंच नंतर सांगितलं.

त्यात आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं पूजन. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, रात्री उशिरापर्यंत पंगती. सगळे मेल्यासारखे झोपलेले. दारातलं पायपुसणं तरंगत पलंगाशी आलं तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "आधी लक्ष्म्या उचला." गाद्या, मिक्सर, कागदांची पेटी, सगळं खाली राहिलं आणि मुखवटे वरच्या मजल्यावर गेले. विसर्जन त्याच दिवशी होतं. वरच्या काकूंच्या खोलीतच अक्षता टाकून निरोप दिला.

पाणी उतरलं आणि चिखल दिसला. काळा, तेलकट, गटाराच्या वासाचा. फ्रीजच्या मागच्या जाळीत, स्विचबोर्डाच्या भोकांत, सोफ्याच्या शिवणीत, पुरणयंत्राच्या जाळीतसुद्धा. भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची तपकिरी रेघ, पट्टीनं ओढावी तशी.

आमचा तिढा सोडवला नणंदेनं, तोही श्रीवर्धनहून फोनवर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिच्या घराचे पत्रे उडाले होते आणि सुपारीची वाडी आडवी झाली होती. सुपारीचं झाड धरायलाच पाच-सात वर्षं घेतं. ती म्हणाली, "वहिनी, भांडत बसू नका. आमच्याकडेही हेच झालं होतं. वाट करायची तर झाडं तोडणं भाग, आणि तोडली तर मोजणार काय? मी एकेका खोडावर खडूनं नंबर घातला, फोटो काढले, मगच कोयता लावू दिला. तुम्हीही फोटो काढा आणि सगळं धुऊन टाका. भिंतीवरची रेघ तेवढी पुसू नका."

तसंच केलं. आधी दारात उभं राहून प्रत्येक खोलीचा एक फोटो. मग एकेक वस्तूचा, फ्रीज-वॉशिंग मशीनच्या मागे कंपनीची पट्टी असते तिच्यासकट. ह्यांनी शिवणाची टेप रेघेपाशी धरली, तोही फोटो. त्यानंतर वायपर, फावडं, घमेलं. चिखल फाटकाजवळच ढीग करून ठेवला, ज्याला बघायचा त्यानं बघावा.

बघायला तर बरेच आले. दुपारी दुचाक्यांवरून पूर बघणारे आले. एक पोरगा आमच्या सोफ्यापुढे उभा राहून व्हिडिओ करत होता. सासूबाईंनी त्याच्या हातात झाडू दिला, तर पळाला. पण गल्लीतल्या मंडळाची पोरंही आली. त्यांचा मांडव वाहून गेलेला, तरी त्यांनी खिचडी वाटली आणि आमची ओली गादी चौघांनी मिळून बाहेर ओढली. पाणी प्यालेली गादी काय वजनाची होते ते उचलल्याशिवाय कळत नाही. सगळ्यांत तत्पर निघाला भंगारवाला. पटवाऱ्याच्या आधी तो हजर. "काकू, फ्रीज देता का? तीनशे देतो." पंचनाम्याआधी विकायचा नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग उद्या येतो जी, पण उद्या भाव पडन." दुसऱ्या दिवशी खरंच पडला.

सरकारनं प्रत्येक कुटुंबाला दहा हजार, दुकानाला पन्नास हजारांपर्यंत आणि टपरीला दहा हजारांपर्यंत मदत जाहीर केली. पटवारी आणि महापालिकेचा माणूस आले तेव्हा घर जवळपास स्वच्छ होतं. पटवाऱ्याचा पहिला प्रश्न, "पाणी कुठवर होतं जी?" रेघ दाखवली, फोटो दाखवले, त्यानं मान डोलावली आणि लिहायला घेतलं. बिचारा सकाळपासून चिखलात फिरत होता, बूट हातात घेऊन. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स मागितली. पासबुकाचा लगदा झालेला, मग चेकबुकातला एक कोरा चेक रेघ मारून दिला, चालला. फ्रीजची किंमत किती, सोफ्याची किती, हे कोणी विचारलं नाही. ही सानुग्रह मदत, म्हणजे सरकारनं ठरवलेली ठरावीक रक्कम, नुकसानभरपाई नव्हे. हा फरक लवकर कळला तर डोकं शांत राहतं.

खरी ओढाताण झाली शेजारच्या भाडेकरूंची. भंडाऱ्याकडचं तरुण जोडपं, आधारवर गावचा पत्ता. मालक म्हणे घर माझं, पैसे मला. अहो, भिंत तुमची भिजली, पण संसार कुणाचा वाहून गेला? विजेच्या बिलावरही मालकाचंच नाव. शेवटी आम्ही दोन शेजाऱ्यांनी पंच म्हणून सह्या केल्या की इथे हेच राहतात, तेव्हा त्यांचं नाव चढलं. मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गाडीचं प्रकरण मात्र लांबलं. पार्किंगमध्ये स्टिअरिंगपर्यंत पाणी. जो येई तो म्हणे, "एक सेल्फ मारून पाहा न भाऊ." ह्यांनी किल्लीच लपवून ठेवली. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही, आतला रॉडच वाकतो, आणि मग विमा कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुम्ही केलं. बॅटरीची वायर काढली, कंपनीला कळवून क्लेम नंबर घेतला, तसेच फोटो पाठवले. टोचन गाडी मिळायलाच रांग होती, वर्कशॉपबाहेर तर चिखलाच्या गाड्यांची वरातच लागलेली.

तरी पहिलं उत्तर आलंच, इंजिनमध्ये गेलेलं पाणी पॉलिसीत बसत नाही. आम्ही लिहिलं, गाडी उभी होती, सुरू केलेलीच नाही, दाराच्या काचेवरची रेघ बघा, सर्व्हेअरला इंजिन उघडून बघू द्या. सर्व्हेअरनं उघडून बघितलं आणि तसा अहवाल दिला. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा-किमतीच्या पाऊण पटीच्या वर गेला, त्यामुळे ती टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही अशा गाड्यांत गेली. मग आरसी, दोन्ही किल्ल्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, हस्तांतराच्या फॉर्मांवर सह्या. दुसरी किल्ली चिखलात गेली होती, तिचा खुलासा वेगळा लिहून द्यावा लागला. समोरच्या घरच्यांची गाडी दुरुस्तीत निघाली, पण विम्यात झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नव्हती. रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून गेले.

कागदांचं थोडक्यात सांगते. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत काढून मिळतं, त्यासाठी रडायचं नाही. मार्कशीट वर्तमानपत्राच्या घड्यांत, पंख्याखाली. इस्त्री फिरवायची नाही.

दहा हजार खात्यात जमा झाले, गाडीचेही आले. पूरग्रस्त भागातल्या काहींनी तलावाच्या आणि नदीच्या बंदोबस्तासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली. ते फोटो अजून जपून ठेवलेत, लागले तर देता येतील. नवी गाडी घेताना ह्यांनी रंगाआधी विम्यातलं इंजिन प्रोटेक्शन विचारलं.

परवा नणंदेनं विचारलं, आता गाडी लावता कुठे? पावसाळ्यात रात्री ढग दिसले की अख्खी गल्ली गाड्या काढते आणि वरच्या उंच रस्त्यावर नेऊन लावते. तिथले लोक रोज भांडतात. आम्हीही भांडतो, पण गाडी तिथेच लावतो.