सुतकातला पीच कॉब्लर

२०२३ च्या जूनमध्ये वाईला माझे वडील गेले, तेव्हा मी इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन शहराच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात होते. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज अधांतरी लटकलेला असल्यामुळे देश सोडला असता तर परत कधी येता येईल याची शाश्वती नव्हती, आणि म्हणून भावाने फोनवर जे दाखवले तेवढ्यावर मला थांबावे लागले. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन, किंवा लिहिणारही नाही. आज लिहायचे आहे ते दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आमच्या दारात आलेल्या एका काचेच्या भांड्याविषयी.

भांडे शेजारच्या आजींचे होते. आजी कृष्णवर्णीय आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांची निम्मी हयात चर्चच्या स्वयंपाकघरात गेलेली आहे. आमची मुलगी इथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या नावाआधी 'मिस' लावते. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. येण्याआधी त्यांनी फोन केला नव्हता. चौकटीच्या पंच्यात गुंडाळलेले गरम भांडे त्यांनी माझ्या हातात दिले, "मी आत येत नाही, तू बोलायची गरज नाही, आणि भांड्याची घाई नाही," एवढे म्हणाल्या आणि काठी टेकत हिरवळ ओलांडून परत गेल्या. वरची फॉइल काढली तर जायफळ, दालचिनी आणि करपण्याच्या अलीकडे थांबलेल्या लोण्याचा वास आला. कडेने तपकिरी आणि कुरकुरीत, मधे फुगलेले, आणि भेगांमधून केशरी पाक अजून बुडबुडत असलेले ते प्रकरण म्हणजे पीच कॉब्लर होता, पीच या फळाच्या फोडींबरोबर पीठ भाजून केलेला इथला गोड पदार्थ.

सुतकाच्या दुसऱ्या दिवशी गोड!

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे लोक पिठले-भात, भाकरी आणून देतात, हे तुम्हाला सांगायला नको. चौदाव्याला गोडाचे जेवण होईपर्यंत साखर फक्त चहात. मी ते भांडे ओट्यावर ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग चमचा घेतला आणि उभ्यानेच खाल्ले. दोन दिवसांत पोटात गेलेले ते पहिले अन्न होते. रात्री आत्याला फोनवर हे सांगून बसले, आणि ती क्षणभर गप्प राहून म्हणाली, "अगं, दादाला जाऊन दोन दिवस नाही झाले आणि तू गोड खाल्लंस?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. नंतर अनेक सुचली. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचे सुतक तीनच दिवसांचे असते. शिवाय इथे दुपार टळली होती तेव्हा वाईत मध्यरात्र उलटून तिसरा दिवस लागला होता. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून धरतात हे मला ठाऊक आहे, आणि ही सगळी वकिली आहे हेही. पण ते भांडे परत पाठवणे माझ्याच्याने झाले नसते.

याच आठवड्यात नवऱ्याच्या कार्यालयातल्या मंडळींनी आमच्यासाठी जेवणाचा ऑनलाइन तक्ता तयार केला. याला इथे 'मील ट्रेन' म्हणतात. कोण कोणत्या तारखेला जेवण आणणार ते तक्त्यात नोंदवायचे असते. पण त्याआधी आम्ही सांगायचे, की आम्हाला कशाची ॲलर्जी आहे, मुलांना काय आवडते, तिखट किती चालते, जेवण किती वाजता आणावे आणि दार वाजवावे की पायरीवर ठेवून जावे. वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी 'आवडते पदार्थ' या रकान्यापुढे बसले होते. अन्न देणाऱ्याने घेणाऱ्याकडून अर्ज भरून घ्यावा, ही कल्पना मला इतकी टोचली की मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले. आमच्या आळीत कुणी कधी विचारले नाही, की तुम्हाला पिठल्यात लसूण चालतो का. जे आले ते खाल्ले, आणि न विचारता आले म्हणूनच ते गळ्याखाली उतरले. एवढे लिहिल्यावर हेही लिहायला हवे, की त्या तक्त्याने आम्हाला दोन आठवडे जेवू घातले, एकदाही खंड पडला नाही. आणि वाईत आळीतल्या अर्ध्या वाड्यांच्या इमारती झालेल्या असल्यामुळे भावाच्या घरी बहुतेक दिवस डबा खानावळीतून आला, हे त्याने मला महिन्याभराने सांगितले. तरीही मी बाजू आळीचीच घेणार.

काचेचे भांडे घासताना त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा दिसला. त्यावर बॉलपेनने आजींचे आडनाव लिहिलेले होते, आणि कित्येक वेळा धुतल्यामुळे अक्षरे फिकट झाली होती. चर्चच्या जेवणावळीत वीस घरची वीस भांडी एकत्र येतात, त्यात आपले हरवू नये म्हणून ही सोय. मला आमच्या घरची भांडी आठवली, नाव आणि तारीख कोरलेली. अशा भांड्याला पाय फुटत नाहीत म्हणतात, आणि फुटले तरी ते घर ओळखून परत येते. रिकामे भांडे परत द्यायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा नियम आईने घालून दिलेला; म्हणून मी चौदा दिवस मोजले आणि पंधराव्या दिवशी केळे घातलेला शिरा करून, काचेच्या भांड्यासोबत, बाबांनी माझ्या लग्नात दिलेल्या स्टीलच्या डब्यातून आजींकडे नेला. आजींनी चमचाभर खाल्ला आणि म्हणाल्या, "हे तर ग्रिट्ससारखे आहे, फक्त कुणीतरी त्याचे लाड केले आहेत." ग्रिट्स म्हणजे मक्याचा रवा, इथे तो सकाळी लोणी आणि मीठ घालून खातात. तुलना मला मान्य नव्हती, पण मी काही बोलले नाही.

मग मी कॉब्लरची कृती विचारली. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये, पीच आले की सांगते." मी म्हटले, पीच तर दुकानात आहेत. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मला ओळखीचा होता. रत्नागिरीच्या माणसाला कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून दाखवला की तो तसाच चेहरा करतो. दुकानातले पीच कॅलिफोर्नियाचे होते. २०२३ साली जॉर्जियातले नव्वद टक्क्यांहून अधिक पीक गेले होते, आणि ते कसे गेले हे आजींनी मला बोटावर मोजून सांगितले. पीचच्या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. जातीनुसार साधारण सहाशे ते हजार तास ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी मिळाली, तर ते वसंतात नीट फुलते. त्या वर्षी हिवाळाच पुरेसा पडला नाही, जी झाडे फुलली ती लवकर फुलली, आणि मार्चमधल्या उशिराच्या गारठ्याने फुलेही गेली. मग माझ्या दारात आलेल्या कॉब्लरमधले पीच कुठले, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला. नंतर त्यांच्या मुलीकडून कळले, की २०२२ च्या हंगामात आजींनी साखर आणि लिंबाचा रस लावून गोठवून ठेवलेल्या पिशव्यांपैकी ती शेवटची पिशवी होती आणि चार जुलैसाठी, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनासाठी, राखलेली होती.

जॉर्जियाचा पीचविषयीचा अभिमान हा एक वेगळाच विषय आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर पीच, १९९५ पासून राज्याचे अधिकृत फळ पीच, आमच्या शेजारचा जिल्हाही 'पीच काउंटी' याच नावाचा, १९२४ मध्ये स्थापन झालेला. त्याचे मुख्य ठिकाण फोर्ट व्हॅली. तिथल्या जूनमधल्या उत्सवात जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवला जाणारा कॉब्लर भाजतात. जवळच्या मार्शलव्हिलमध्ये सॅम्युअल रम्फ या बागायतदाराने १८७० च्या दशकात 'एल्बर्टा' ही जात काढली. तिला त्याने बायकोचे नाव दिले, आणि बर्फाच्या साहाय्याने फळ न्यूयॉर्कपर्यंत टिकवून पोचवण्याची सोय केली. वास्तविक पीच उत्पादनात कॅलिफोर्निया फार पुढे आहे, आणि शेजारचे साउथ कॅरोलायनाही जॉर्जियापेक्षा जास्त पिकवते. आजींपुढे हे बोलून दाखवण्याची हिंमत मी केलेली नाही. फळ मुळात चीनचे, इराणमार्गे पसरलेले. आपल्या जुन्या कोशांतला 'सप्ताळू' हा शब्दही फारसीतूनच आला आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते, त्यामुळे दुसऱ्याच्या फळाभिमानाला हसण्याचा मला अधिकार नाही. अर्थात हापूसची गोष्ट निराळी आहे, कारण तो खरोखरच सर्वश्रेष्ठ आहे.

२०२४ चा हिवाळा झाडांना मानवला आणि मेच्या मध्यावर रस्त्याकडेच्या विक्रीगृहांत पेट्या लागल्या. मी उतावीळपणे पंचवीस पौंडांची पेटी घेऊन आले, तर फळ बाठीला सुटेना; प्रत्येक फोड सुरीने ताशून काढावी लागली आणि निम्मा गर हातावरून ओघळला. हंगामाच्या सुरुवातीचे पीच बाठीला चिकटलेले असतात. जूनच्या मध्यानंतर येणाऱ्या जातींत मात्र फळ कापून दोन्ही अर्धे उलट दिशेने पिळले की बाठ टणकन सुटते. सालीसाठी बुडाला फुलीचा छेद द्यायचा, अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात ठेवून बर्फाच्या पाण्यात टाकायचे. मग ती बोटाने ओढली तरी निघते, आणि खाली सूर्यास्तासारखा लाल-पिवळा गर दिसतो.

कृती सांगताना आजींनी वजनमाप असे काही सांगितले नाही. "एक कप पीठ, एक कप साखर, एक कप दूध, एक कांडी लोणी." मला आईची वाटी आठवली, एक वाटी रवा, एक वाटी साखर, आणि वाटी कुठली हे फक्त आईला माहीत. कांडी मात्र इथे नेमकी असते, ११३ ग्रॅमची. पहिल्यांदा मी कप मोजून मैदा घेतला आणि जे बाहेर आले ते लोण्यात बुडालेले घावन होते. पीठ म्हणजे 'सेल्फ रायझिंग', बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेले, हे आजींनी सांगितलेच नव्हते. त्यांच्या लेखी दुसरे पीठ नसतेच. त्यांच्या फडताळात व्हाइट लिलीची पिशवी असते. ही कंपनी १८८३ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झाली आणि तिचे पीठ मऊ हिवाळी गव्हाचे असते. त्यात प्रथिने कमी, म्हणून पदार्थ चिवट होत नाही.

दुसऱ्या खेपेला पीठ बरोबर होते, पण मी ढवळले. भांड्यात लोणी ओव्हनमध्येच वितळवायचे, त्यावर धिरड्याएवढे सरसरीत पीठ ओतायचे, त्यावर साखरेत उकळलेले पीच पाकासकट पसरायचे, आणि मग हात मागे घ्यायचे. ३५० अंश फॅरनहाइटला पाऊण तासात पीठ फुगून आपल्या आपण फळांमधून वर येते, लोणी कडेने उकळून काठ तळून काढते, आणि फळ खाली जाते. ढवळले तर तिन्ही थर एक होतात आणि गोळा गिच्च राहतो. आजींनी मला हे तीनदा बजावले होते, तरी माझा हात चमच्याकडे गेलाच. आपल्याकडे गोड म्हणजे ढवळणे. पुरण हाटायचे, बासुंदीला बुडी लागू नये म्हणून तासभर उलथणे फिरवायचे, शिरा परतायचा, बर्फी घोटायची. हात थांबला की पदार्थ बिघडला, हे आपल्या अंगात इतके मुरलेले आहे की कच्चे पीठ, वितळलेले लोणी आणि पातळ पाक एकमेकांवर नुसते तरंगत असलेले बघवत नाही. हा आळशीपणा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. तिसऱ्या खेपेला मी दोन्ही हात मागे बांधून ओव्हनच्या काचेपुढे उभी राहिले. विसाव्या मिनिटाला कडेला पहिला पांढरा फुगा वर आला, मग दुसरा, आणि पीठ फोडींमधून वाट काढत वर सरकू लागले, तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवले.

तो कॉब्लर मी आजींच्याच भांड्यात केला होता. ते मी त्यांच्याकडून मुद्दाम मागून आणले होते. साखर पाऊण कप घेतली आणि जायफळाबरोबर वेलदोडाही घातला. आजींनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चांगले आहे. पण हा कॉब्लर नाही, हे तुझे काहीतरी आहे." मग त्यांनी बशी पुढे करून आणखी मागितला. वेलदोड्याविषयी आमचा वाद अजून संपलेला नाही, आणि साखरेच्या बाबतीत त्या चूक आहेत.

माझा स्टीलचा डबा वर्षभर त्यांच्याकडेच होता, आणि मी मागितला नव्हता. गेल्या आठवड्यात तो परत आला, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगांनी काठोकाठ भरून. त्या इथेही आपल्यासारख्याच उकडतात आणि रस्त्याच्या कडेला विकतात. शेंगा संपल्यावर मी डबा घासायला घेतला. झाकणावर माझे नाव आणि लग्नाची तारीख बाबांनी कोरून घेतलेली आहे, पण आजींना ती अक्षरे वाचता येत नाहीत. डबा हरवू नये म्हणून त्यांनी त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावली होती, आणि तिच्यावर बॉलपेनने, एक अक्षर चुकवून, माझे नाव लिहिले होते.