चार लाख ओळी आणि संपलेला आयडी

पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या वस्तूंच्या टेबलात ओळी जेमतेम चार लाख, आणि लॉगमध्ये एरर: ‘नेक्स्टव्हॅल: रीच्ड मॅक्सिमम व्हॅल्यू ऑफ सीक्वेन्स’. म्हणजे नव्या ओळीला आयडीचा पुढचा नंबर देणाऱ्या सीक्वेन्सने इंटीजर टाइपची 2,147,483,647 ची मर्यादा गाठलेली. ज्या फाइलीवरून टेबल भरायचं, तिच्यात एकही नवीन वस्तू नव्हती, नुसते भाव आणि साठा बदलायचा होता. तरी ती टेबलात चढवणारा प्रोग्रॅम, म्हणजे जॉब, पडला.

पोस्टग्रेसमध्ये ‘इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ (ओळ नसेल तर घाल, असेल तर बदल) आधी अख्खी नवी ओळ तयार करतं, आपोआप भरल्या जाणाऱ्या डिफॉल्टसकट. सीक्वेन्सचा नंबर तिथेच खर्च होतो. वस्तूचा कोड आधीपासून आहे हे त्यानंतर कळतं आणि मग अपडेट. फुकट गेलेला नंबर रोलबॅकनेही (बदल मागे घेऊनही) परत येत नाही. दर 15 मिनिटांनी संपूर्ण फाइल, दिवसाला 96 फेऱ्या, म्हणजे रोज 3.84 कोटी नंबर. आठ आठवड्यांत खेळ खलास. मॉनिटरिंगला डिस्क दिसते, सीपीयू दिसतो; सीक्वेन्स किती उरला हे बघायचं कुणाला सुचत नाही.

टेबल बिगइंट या मोठ्या आकड्यांच्या टाइपवर न्यायला काही सेकंद पुरले असते. पण त्याच्या आयडीकडे बोट दाखवणारी ऑर्डरची टेबलं कोट्यवधी ओळींची. तिथे कॉलमचा टाइप बदलला की टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर साधं सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणंसुद्धा, ताटकळतं. म्हणून तात्पुरता उपाय: सीक्वेन्सची मिनव्हॅल्यू (किमान मूल्य) -2147483648 करून तिथूनच रीस्टार्ट. ऋण आयडी इंटीजरमध्ये मावतात. फक्त ‘आयडी शून्याहून मोठा’ असं कोडमध्ये कुठे गृहीत धरलंय का, ते आधी शोधायचं. ‘ऑर्डर बाय आयडी’वर, म्हणजे आयडीच्या क्रमावर, नवं-जुनं ठरवणारे रिपोर्ट मात्र उलटेपालटे होतात.

मग जॉबच बदलला. कॉपी या कमांडने फाइल आधी टेंप, म्हणजे तात्पुरत्या, टेबलात भरायची. ते मूळ टेबलाशी जोडून अपडेट, तेही ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ (वेगळं असेल तरच) ही अट लावून, खरंच बदललेल्या ओळींपुरतं. आणि उरलेल्या, टेबलात नसलेल्या ओळींनाच इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट. न बदललेल्या ओळी पुन्हा पुन्हा लिहिणं थांबल्यावर जुन्या ओळींची साफसफाई करणारा ऑटोव्हॅक्यूमही शांत झाला. इतके दिवस सगळे त्यालाच शिव्या घालत होते.

यात एक मेख आहे. एकच कोड फाइलीत दोनदा आला तर ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट ठणकावून एरर देतं. जोडून केलेलं अपडेट मात्र त्यातली कुठलीतरी एक ओळ मुकाट्याने उचलतं. म्हणून टेंप टेबलावर कोडची प्रायमरी की (एक कोड एकदाच) हवीच.

पोस्टग्रेस 15 मधलं मर्ज, म्हणजे एकाच कमांडमध्ये अपडेट आणि इन्सर्ट, नंबर वाया घालवत नाही, पण एकाच वेळी दोन जॉब चालले तर डुप्लिकेट कीची एरर येऊ शकते. इथे लिहिणारा जॉब एकच आहे, तेव्हा मर्ज चाललं असतं का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.