ॲपल सॉस अपडेट : साल सोलणं बंद, पुरणयंत्र सुरू

मंडळी, ॲपल सॉसचं, म्हणजे सफरचंद शिजवून केलेल्या दाट गराचं काम या सीझनला बरंच पुढे गेलंय म्हणून सविस्तर लिहितेय. सगळ्यात मोठा बदल म्हणजे साल सोलणं पूर्ण बंद. सफरचंद धुवायचं, चार फोडी करायच्या, बियांचा गाभा काढून टाकायचा आणि सालासकट स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं), मग शिजलं की सगळं पुरणयंत्रातून काढायचं, बास. बाहेरच्या रेसिप्यांमध्ये फूड मिल म्हणून हँडल फिरवायचं एक भांडं सांगतात, ते ऑनलाइन बघितलं तर किंमत बघूनच माणूस टॅब बंद करतो, पण नीट बघा ना, तीच जाळी, तेच दाबत फिरणारं पातं, आपलं पुरणयंत्रच आहे ते. होळी झाली की माळ्यावर जातं ते खाली काढा. घरात नसेल तर भांडी बाजारात स्टीलचं सहज मिळतं, फक्त बदलायच्या जाळ्या सोबत आहेत ना तेवढं बघून घ्या.

सालाचं नक्की करायला मी शेजारच्या काकूंचा पण कुकर मागून आणला आणि एकाच पेटीतली सफरचंदं एकाच दिवशी दोन्हीकडे लावली, एकात सोललेली, दुसऱ्यात सालासकट, बाकी सगळं सेम. फरक डोळ्यांना दिसतो हो. सोललेल्याचा सॉस फिकट, मातकट पिवळा आणि चमच्यावरून लगेच ओघळणारा. सालासकटचा मस्त गुलाबीसर आणि दाट, बशीत घातला की जागेवर बसतो. कारण साधं आहे, पेक्टिन, म्हणजे सॉस दाट करणारं फळातलं द्रव्य, जास्त असतं ते सालात आणि गाभ्याच्या आसपास, आणि लाल रंगही सालातच, तो आंबटपणात जास्त खुलतो म्हणून लिंबू सुरुवातीलाच पिळायचं. लिंबाने फोडी काळ्या पण पडत नाहीत. काकूंनी दोन्ही चाखले आणि म्हणाल्या, "अगं, हा गुलाबी साखर घातल्यासारखा लागतोय." साखर दोन्हीत चिमूटभरही नव्हती.

साल ठेवायचं म्हणजे धुणं मात्र मन लावून करा. चकचकीत सफरचंदांवर मेणाचा थर असतो, कोमट पाण्यात ठेवून हाताने नीट चोळली की बराच निघतो. आणि बिया एकूण एक काढा, यंत्रात भरडल्या गेल्या तर कडवटपणा उतरतो, शिवाय त्यात ॲमिग्डालिन असतं, ज्यातून विषारी सायनाइड तयार होतं, ते सॉसमध्ये कशाला हवं.

आता सफरचंद कुठलं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि माझं मत पक्कं झालंय की सॉस निम्मा बाजारातच ठरतो. आपल्याकडे अडचण अशी की लाल, गोड जातींचंच राज्य आहे. अमेरिकेतून येऊन हिमाचलात स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलात कोटगढला अमेरिकेतलं डेलिशस आणून लावलं आणि नंतर सगळीकडे तेच पसरलं, ते कापून खायला छान, पण आंबटपणा कमी, त्यामुळे नुसत्या रॉयल किंवा रेड डेलिशसचा सॉस सपक होतो. परदेशी हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट असतं पण भाव ऐकून सगळी बॅच त्याची करवत नाही. म्हणून माझं प्रमाण आता असं, २ किलोमध्ये सव्वा किलो गोल्डन, अर्धा किलो लाल रॉयल रंगासाठी, आणि उरलेलं पाव किलो म्हणजे एखाद-दोन ग्रॅनी स्मिथ. गोल्डनला आपल्याकडे कोणी फारसं विचारत नाही, पिवळं आहे म्हणून लोक पुढे जातात, पण सॉसला ते एक नंबर, लवकर मऊ पडतं आणि स्वतःची मधासारखी चव आहे त्याला. हिरवं नाही मिळालं तर नेहमीच्या एका लिंबाऐवजी दोन कागदी लिंबं, काम होतं.

आमच्या नाशकात पंचवटीतल्या मार्केट यार्डात सकाळी लवकर गेलात तर पेटी परवडते, पण एवढं नको असेल तर गाडीवाल्याकडचं मऊ पडलेलं घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या मामांना मी म्हटलं, मामा, ते पिठूळ झालेलं आहे ना, ते द्या, तर म्हणतात, "ताई, ते नका नेऊ, उद्या परत आणून द्याल." आता ते स्वतःच बाजूला काढून ठेवतात माझ्यासाठी. पिठूळ सफरचंदात पेशी एकमेकींपासून सुटायला लागलेल्या असतात, म्हणून खाताना भुसभुशीत लागतं आणि शिजताना पटकन विरघळतं. फक्त कोल्ड स्टोरेजमधलं फेब्रुवारी-मार्चचं सफरचंद असेल तर लिंबू वाढवा, साठवणीत त्याचं मॅलिक ॲसिड, म्हणजे आंबटपणा देणारं आम्ल, हळूहळू खर्ची पडतं. सडलेलं, बुरशी आलेलं मात्र अजिबात नको, तेवढा भाग कापून उरलेलं वापरणं पण नको.

कुकरचं. माझा साडेतीन लिटरचा, २ किलो फोडी अगदी काठोकाठ बसतात आणि तासाभरात खाली बसतात. पाणी फक्त अर्धी वाटी. हे वाचून पुष्कळांना भीती वाटते की लागेल, नाही लागत, कारण स्लो कुकरमध्ये तापणारी तार सहसा भांड्याच्या भोवतीने असते, गॅससारखी खालून एकाच जागी आग नसते, आणि फोडी स्वतःच भरपूर पाणी सोडतात. स्लो कुकरचं मूळ मानलं जातं त्या, आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकांना १९४० मध्ये ज्या भांड्याचं अमेरिकन पेटंट मिळालं त्याचीही कल्पना हीच होती, भांड्याला चहूबाजूंनी सारखी ऊब. प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्यांत होतं की, असं कोणीतरी विचारणारच. होतं, शिजतं, पण पाणचट राहतं आणि मग कढईत आटवत उभं राहावं लागतं. स्लो कुकरमध्ये हाय वर तीन तास किंवा लो वर पाच-सहा तास, मध्ये ढवळायचं नाही, झाकण तर मुळीच उघडायचं नाही, प्रत्येक वेळी उघडलं की ऊब जाते आणि वेळ वाढतो. बहुतेक कुकरमध्ये हाय आणि लो शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फक्त लो ला पोचायला वेळ जास्त, म्हणून रात्री झोपताना लो वर लावणं मला जास्त बरं वाटतं. विजेचं विचाराल तर साधारण २०० वॅटचा कुकर पाच तास चालला म्हणजे १ युनिट.

शेवटचा एक तास महत्त्वाचा. तेव्हा झाकण आणि भांड्याच्या मध्ये लाकडी उलथनं आडवं घालून फट ठेवायची. नाहीतर वाफ झाकणाला लागून पुन्हा आतच ठिबकते आणि कितीही वेळ ठेवलं तरी आटत नाही. फोड चमच्याच्या पाठीने दाबली की मोडली पाहिजे, मग गरम असतानाच पुरणयंत्रात घ्या. गार झाल्यावर साल जाळीला चिकटून बसतं आणि हात भरून येतो. मधली जाळी मला बरी वाटली, बारीक जाळीचा अगदी बाळाच्या पेजेसारखा होतो, ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी तोच करावा आणि मसाला घालू नये.

मसाल्यात दालचिनीचा बोटभर तुकडा आख्खाच, पूड नको, पूड घातली की रंग मातकट होतो आणि जिभेवर कणी लागते. वेलदोडे घालून बघितले, तो मग सॉस राहत नाही, साखरांब्याच्या वाटेला जातो. चांगला लागतो, पण वेगळा पदार्थ. जायफळ मला नाही आवडलं.

टिकण्याबद्दल. फ्रीजमध्ये आठवडाभर निर्धास्त, फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत काही महिने, वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतो. बरण्या सील करायच्या असतील तर हे नीट वाचा. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यात साधारण अर्ध्या लिटरच्या बरणीला, सॉस गरम भरून, उकळत्या पाण्यात १५ मिनिटं दिली आहेत, पण ती १००० फुटांपर्यंतच. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे २००० फुटांच्या आसपास, इथे पाणी ९८ अंशालाच उकळतं, त्यामुळे आपल्याला २० मिनिटं धरायची. मुंबई-ठाण्याच्या मैत्रिणींचा वेळ जसाच्या तसा उचलू नका.

संपतो कसा ते विचारू नका, दह्यात, पोळीबरोबर शिकरणासारखा, आणि बिनअंड्याच्या केकमध्ये एका अंड्याच्या जागी पाव कप. केक ओलसर राहतो, दुसऱ्या दिवशी पण.

पुढे दोन गोष्टी करायच्यात. थंडीत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी यायला लागली की ती शेवटच्या अर्ध्या तासात घालून बघणार, आधी घातली तर रंग विटेल असं वाटतंय. आणि दुसरं, हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी तयार केलेली एचआरएमएन-९९ जात, जी उष्ण हवेतही फळ देते, ती महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावलीय आणि तिचं फळ जूनमध्येच तयार होतं, म्हणजे हिमाचलचा मुख्य माल यायच्या आधी. दिंडोरी, निफाड, कळवणकडे कोणाच्या ओळखीत ही झाडं असतील तर सांगा प्लीज, २ किलो हवंय, योग्य भाव देऊन घेईन आणि सालासकटच लावणार आहे.