लाँग खान्हचा जनरल

सायगावला उतरलेला जो तो व्हिएतनाम युद्धातल्या कू चीच्या भुयारांकडे धावतो. आम्हीही गेलो. तिथे पैसे मोजून बंदुकीच्या खऱ्या गोळ्या झाडता येतात. जिथे इतकी माणसं मेली तिथे ही हौस! माझं डोकंच उठलं. मेकाँगचे दिवस छान गेले, पण लिहायचंय ते लाँग खान्ह या गावाबद्दल.

महामार्ग क्रमांक 1 ने साधारण 80 किलोमीटर. ट्रकच ट्रक, मग रबराचे मळे. "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" असं हॉटेलात दोघांनी विचारलं.

9 एप्रिल 1975 ला उत्तर व्हिएतनामच्या तोफा इथे, म्हणजे तेव्हाच्या सुआन लोकवर, धडधडू लागल्या. ह्वे आणि दा नांग नुकतीच पडली होती, दक्षिणेच्या फौजेची दाणादाण उडाली होती. दक्षिणेची 18वी डिव्हिजन मात्र पाय रोवून उभी राहिली. तिचा सेनापती ब्रिगेडियर जनरल ले मिन्ह दाओ तेव्हा 42 वर्षांचा होता. कितीही डिव्हिजन येऊ देत, हटणार नाही, असं त्याने परदेशी पत्रकारांना ठणकावलं होतं. राजधानी सायगावची वाट तुटली, तेव्हा कुठे 20 एप्रिलच्या रात्री त्याने हुकमानुसार माघार घेतली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष थिएऊ यांनी राजीनामा दिला.

आज गावात विजयस्मारक आहे आणि एका रस्त्याचं नावच '21 एप्रिल' आहे. दाओचं नाव मला कुठेही दिसलं नाही. कॉफीच्या दुकानात मालकीणबाईंना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो आतल्या आजोबांकडे नेला. आजोबांनी फोटो बोटांनी मोठा केला, "दाओ" म्हणाले आणि आधी दहा, मग सात बोटं दाखवली.

सतरा वर्षं! सायगाव पडल्यावर कितीतरी अधिकारी देश सोडून गेले, हा मागे राहिला. मग 1992 पर्यंत कम्युनिस्ट सरकारच्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांत कैद. तिथेच त्याने आईच्या आठवणीचं गाणं रचलं. सुटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि 2020 मध्ये तिथेच वारला.

जिंकणाऱ्यांनी स्मारकं जरूर उभारावीत, त्यांचीही पोरं इथे मेली. पण हरलेलेही याच मातीतले होते. त्यांच्यासाठी एक दगड, एक ओळ नसावी, याचा मला मनापासून राग आला. कू चीला जाणाऱ्यांनी एक दिवस इकडे काढाच. त्या आजोबांसारखी माणसं आता किती उरली असतील?